साहेबाचा गोळा

नाशिकच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वय ४८. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते.

शरणपूरच्या बाजूला त्यांच्या आईवडिलांचं जुनं घर होतं. वडील आधीच गेले होते. आईच्या आजारपणात या बाई नवरा आणि मुलीसह तिथंच राहायला आल्या. दोन वर्षांपूर्वी आईही गेली. यंदा घर पुनर्विकासाला दिलं आणि सप्टेंबरात सगळे गंगापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. सामान हलवताना माळ्यावरून नाताळच्या सजावटीचा डबा, म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, काढायला गेल्या आणि तो हातातून निसटला. आत कापसात ठेवलेला निळा काचेचा गोळा फुटला. घरात त्याला ‘साहेबाचा गोळा’ म्हणत. आजोबा देवळाली कॅम्पात एका इंग्रज अधिकाऱ्याकडे खानसामा होते. १९४७ साली ते कुटुंब मायदेशी निघालं, तेव्हा हा गोळा आजोबांकडे आला. दरवर्षी २४ डिसेंबरला झाडाला सगळं लावून झालं की शेवटी आई स्वतः तो टांगायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग घरची प्रार्थना.

काचा त्यांनी कागदात गुंडाळून घंटागाडीत दिल्या. उरलंय ते एवढं: गोळ्याचं पत्र्याचं टोपण, वडिलांनी पंख्याच्या वाइंडिंगच्या तारेची केलेली त्याची कडी आणि डब्याच्या तळाशी नंतर सापडलेला नखाएवढा तुकडा. नवऱ्याशिवाय कुणाला हे माहीत नाही.

मोठा भाऊ टोरांटोला असतो. सात वर्षांनी यंदा नाताळला बायको-मुलांना घेऊन येतोय. फोनवर म्हणाला, “साहेबाचा गोळा मुलांना दाखवायचाय. या वेळी मी लावणार हं.” बाईंनी इंटरनेटवरून जवळजवळ तसाच एक जुना गोळा मागवला, तो कपाटात आहे. नवरा म्हणतो, लाव आणि गप्प बस, कुणाला कळणारे? बाई विचारतात, “दादाशी खोटं बोलू, की त्याचा नाताळ खराब करू?”

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. “टेम्पोवाले खोळंबले होते, त्यामुळे रडताही आलं नाही.” मी तिथंच थांबले. ज्या घरात आईची शेवटची वर्षं काढली, ते घर ज्या आठवड्यात रिकामं केलंत, त्याच आठवड्यात तिच्या हातची ही एक वस्तू गेली. आणि तुम्ही झाडू घेऊन काचा गोळा केल्यात, कागदाला दोरा बांधलात आणि पुढचं खोकं भरायला घेतलंत. तेव्हापासून हे एकटीनं वागवताय. गोळा फुटल्याचं दुःख एवढं मोठं का, असं तुम्ही स्वतःलाच विचारलंय. त्यात घर मिसळलंय, आई मिसळलीय, म्हणून ते मोठं आहे. त्याची लाज वाटून घेऊ नका.

आता तुमचा प्रश्न. खोटं बोलू की नाताळ खराब करू, अशा दोनच वाटा तुम्ही समोर ठेवल्यात. खरं सांगितलं की नाताळ खराब होणार, हे तुम्ही गृहीत धरलंय. दादा तसं काही म्हणालेला नाही. तो काय म्हणाला, ते पुन्हा वाचा. “या वेळी मी लावणार हं.” आई असताना ज्या गोष्टीला हात लावायची मुभा नव्हती, ती त्याला यंदा करायची आहे. आईच्या जागी उभं राहायचंय, आपल्या मुलांच्या देखत. त्यानं आईचं आजारपण लांबून, फोनवरून पाहिलं. आणि आता तो विमानतळावरून थेट तुमच्या भाड्याच्या फ्लॅटवर येणार. जुन्या घराच्या जागी पत्रे ठोकलेला प्लॉट असेल. म्हणजे मुलांना ‘हे माझं घर’ म्हणून दाखवायला त्याच्याकडे तो डबा सोडून काहीच उरलेलं नाही. गोळ्याचा एवढा हट्ट त्यापायी असावा, असं मला वाटतं.

अशा माणसाच्या हातात तुम्ही दुसराच गोळा दिलात, तर काय होईल? तो डोळे भरून तो टांगेल. आईचा हात हातात घेतल्यासारखं त्याला वाटेल. आणि त्याच क्षणी तुम्ही बाजूला उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघत असाल. तो क्षण तुम्हाला झेपेल असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रातल्या खाडाखोडीवरून तरी नाही. शिवाय त्याची मुलं ती गोष्ट सोबत टोरांटोला नेतील, पुढे त्यांच्या मुलांना सांगतील. त्या गोष्टीच्या मुळाशी कपाटातला गोळा असेल.

तुमच्या यजमानांना मी दोष देत नाही. तुम्हाला कुणी बोलू नये, सणात तुमचा चेहरा उतरू नये, एवढंच त्यांना हवंय. आणि त्यांचं एक म्हणणं खरंही आहे, कुणाला कळणार नाही. प्रश्न तुम्हाला कळत राहण्याचा आहे. याबद्दल मी माझ्या घरातलं सांगते.

आमच्याकडे भाद्रपदात गौरी बसतात. ज्येष्ठेचा मुखवटा माझ्या आजीच्या माहेराहून आलेला, त्याच्या डाव्या गालावर रंगाचा एक बारीक टिपका होता. आजी त्याला तीळ म्हणायची. एका वर्षी मुखवटे पुसताना तो माझ्या काकूच्या हातून पडला आणि दुभंगला. काकूनं बाजारातून तसाच दुसरा आणला, गालावर स्वतः तीळ काढला आणि कुणालाही कळू दिलं नाही. अकरा वर्षं. आजी गेल्यावर एकदा भांडी आवरताना तिनं माझ्या आईला हे सांगितलं. आई म्हणाली, अगं, एवढंच ना? तर काकू ओट्याला धरून रडायला लागली. तिला मुखवट्याचं फारसं काही नव्हतं. या अकरा वर्षांत गौरी जेवायला बसल्या की ती काही ना काही काढून स्वयंपाकघरातच राहायची, आरतीलाही मागं उभी राहायची. आम्हाला वाटायचं, काकूला कामाचा उरक मोठा. तिला त्या मुखवट्याकडे बघवत नव्हतं. मला ती अकरा वर्षं अजून सलतात, आणि म्हणून तुम्हाला मी ‘गप्प बसा’ असं कधीच सांगणार नाही.

पत्रात चार वेळा ‘माझ्या हातून’ असं आलंय. ताई, डबा तुमच्याच हातून पडू शकत होता, कारण तो काढणारे, पुसणारे, पावसाळ्यात ऊन दाखवणारे हात तुमचेच होते. टोरांटोहून तो फोडायची सोय दादाला नव्हती. ज्याच्याकडे सांभाळायचं काम असतं, त्याच्याच हातून कधीतरी सांडतं, फुटतं. आईनंही काहीतरी फोडलं असेलच. डब्यातली काचेची घंटा एका बाजूनं दोऱ्यानं बांधलेली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ती कुणी बांधली, हे दादाला विचारा बरं.

गोळ्याबद्दलही थोडं सांगते, कारण मुलं विचारतील. जर्मनीत थुरिंजियाच्या डोंगराळ भागात लाउशा नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथले काचकाम करणारे लोक झाडाला टांगायचे असे गोळे फुंकत आले. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची, फुंकून फुगवायची, मग आत चांदीच्या क्षाराचं द्रावण घालून घोळवायचं, की आतून आरशासारखी झळाळी येते. बाहेरून रंग द्यायचा, वाळवायचं, नळीचा उरलेला देठ कापायचा आणि त्यावर पत्र्याचं टोपण बसवायचं. हा माल पुढे इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी गेला. तुमचा तुकडा बाहेरून निळा आणि आतून चंदेरी आहे, म्हणजे तोही याच रीतीनं केलेला दिसतो. देवळालीला ब्रिटिश सैन्याचा तळ एकोणिसाव्या शतकापासून होता, तिथल्या बंगल्यांत अशा वस्तू विलायतेहून यायच्या. तेव्हा ‘साहेबाचा’ गोळा मुळात एखाद्या जर्मन कारागिराच्या श्वासाचा असण्याची बरीच शक्यता आहे. काच इतकी पातळ असते की त्यानं एवढी वर्षं काढली, हेच आश्चर्य.

आणि आता टोपणाकडे या. तुम्ही त्याला ‘फक्त टोपण’ म्हटलंय. आई तो गोळा कसा लावायची ते आठवा. डावा तळवा खाली धरलेला आणि उजव्या हाताची दोन बोटं कडीवर. फांदीत अडकवताना शेवटी बोटं कडीवरच असतात, काचेवर नसतात. ती कडी पप्पांनी वळलेली. मूळची तार गंजून तुटली म्हणून त्यांनी पंख्याच्या वाइंडिंगची तांब्याची तार घेतली, टोकाला डोळा काढला, आणि तो डोळा थोडा तिरका झालाय, असं तुम्ही लिहिलंय. आजोबांकडे आलेल्या गोळ्यातला पप्पांच्या हातचा भाग तोच, आणि आईची बोटं दरवर्षी टेकायची तीही तिथंच. तो भाग तुमच्याकडे शाबूत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की २४ तारखेला झाड लावून झालं की शेवटी दादाला ते टोपण कडीसकट लावू द्या. नुसतंच. ज्या फांदीवर आई लावायची, त्याच उंचीवर. दिसायला ते फार लहान दिसेल, पहिल्या वर्षी डोळ्यांना खुपेलही. खुपू दे. त्याच्या शेजारी मागवलेला गोळा लावायचा असेल तर तोही लावा, पण तो त्याच्या स्वतःच्या गोष्टीसह. ‘साहेबाचा गोळा फुटला त्या वर्षी आत्यानं घाबरून हा मागवला.’ मुलांना ही गोष्ट फार आवडेल, बघा. जुनी कडी मात्र नव्या गोळ्याला बसवू नका, असं मला वाटतं. दहा वर्षांनी कुणाचं काय होतं ते कुणालाच सांगता येणार नाही. पण हे तुम्ही दोघं बहीण-भाऊ मिळून ठरवा, माझा यात आग्रह नाही. नखाएवढा तुकडा झाकणाच्या लहान बाटलीत ठेवा. ही काच पापुद्र्यासारखी असते आणि पटकन कापते, मुलांच्या हातात सुटी देऊ नका.

सांगायचं कसं, याची तुम्हाला जास्त धास्ती आहे. तो यायच्या आधी सांगा. तो दमून उतरल्यावर नको, आणि २४ च्या संध्याकाळी चर्चहून आल्यावर तर मुळीच नको. आधी कळलं तर त्याला आपल्या घरात, आपल्या माणसांत त्याचं दुःख करता येईल, आणि मुलांना काय सांगायचं तेही ठरवता येईल. व्हॉट्सॲपवर लिहू नका, फोन करा. पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाका. “दादा, साहेबाचा गोळा सप्टेंबरात सामान हलवताना माझ्या हातून फुटला. टोपण आणि पप्पांची कडी आहे. तुला आधीच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.” टेम्पोवाल्यांची घाई, माळ्याची उंची, हे त्यानं विचारलं तर सांगा, आपणहून नको. कारणं आधी आली की ऐकणाऱ्याचं लक्ष कारणांकडेच जातं.

तो गप्प होईल कदाचित. फोन ठेवू नका आणि भरभर बोलून ती शांतता भरूही नका. चिडलाच, ‘एवढी एक गोष्ट सांभाळता आली नाही का’ असं काही त्याच्या तोंडून गेलं, तर ते लागेल. आजारपणातल्या तुमच्या जागरणांचा हिशेब त्याच क्षणी तोंडावर येईल. तो हिशेब खरा आहे, आणि एक दिवस त्याच्यासमोर मांडायलाही हवा, पण या फोनवर नको. गोळ्याच्या आडून त्यावर बोलायला गेलात तर दोन्ही बोलणी बिघडतील.

मग त्याला विचारा, “तुला त्याची गोष्ट काय आठवते?” कारण पत्रात एक गंमत आहे. तुम्ही लिहिता, साहेबाच्या मडमेनं तो आजीला दिला, पप्पा पोटात होते तेव्हा. आणि दादा मुलांना सांगतो, की साहेबाच्या लहान मुलीनं निघताना तो आजोबांच्या खिशात ठेवला. तुम्हाला वाटतं, त्याची चुकलीय. कशावरून? कदाचित आईनं दोघांना दोन वेगळ्या वयांत दोन वेगळ्या तऱ्हांनी सांगितली असेल. कोण बरोबर हे ठरवायला आता कुणी उरलं नाही. दोन्ही लिहून ठेवा, कुणाची कुठली ते नावानिशी.

मी स्वतः नाताळ होणाऱ्या घरातली नाही. पण शाळेतली एक मैत्रीण शरणपूरची होती, आणि डिसेंबरात तिच्याकडे माझा मुक्कामच असायचा. सेंट अँड्र्यूज चर्चवरून सायकल नेताना गार वाऱ्यानं कान दुखायचे. बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून तिचे वडील चांदणी करायचे. आम्ही पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीत नानकटाई भाजायला न्यायचो आणि नंबर येईपर्यंत भट्टीच्या उबेला बसायचो. दिवाळीचं ताट आमच्याकडून त्यांच्याकडे, नाताळच्या करंज्यांचं त्यांच्याकडून आमच्याकडे. म्हणून तुम्हाला सुचवते, दादाच्या मुलांना एक सकाळ शरणपुरात पायी फिरवा. पत्रे ठोकलेल्या प्लॉटसमोरही उभं करा. ती वस्ती १८५०च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं राहून शिकली, हे त्यांना सांगा. त्यातली काही पुढे पूर्व आफ्रिकेत परत गेली. ‘नासिक बॉईज’ असं त्यांचं नाव इतिहासात आहे. टोरांटोत वाढणाऱ्या मुलांना ‘बाबा कुठले’ याचं उत्तर त्या फेरीतही बरंच मिळेल.

डब्यातल्या बाकीच्या वस्तूंचं मात्र या सुट्टीतच बघा. तुम्ही नावं घेतलीत: दादानं संडे स्कूलमध्ये केलेला कापसाच्या दाढीचा सांता, सोनेरी कागदाची चांदणी, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा देवदूत, दोऱ्याची घंटा. एका दुपारी सतरंजीवर डबा उघडा, एकेक वस्तू काढा आणि दादा बोलत असताना फोनवर नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवा. नंतर एका वहीत प्रत्येकीच्या नावानं चार ओळी लिहा. घरोघरच्या वाचकांनीही हे करावं असं मला मनापासून वाटतं. गौरीचं सामान असो, आजीचे चौरंग असोत, आजोबांच्या हातचा आकाशकंदील असो. वस्तू कुणाच्या ना कुणाच्या हातून जाणारच. तेव्हा ‘ही कुठली होती गं?’ याला उत्तर द्यायला वही असावी.

ठेवण्याबद्दल: काचेचे जुने गोळे ओल्या फडक्यानं पुसू नका, रंग निघतो. मऊ कोरड्या ब्रशानं धूळ झटका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. आईची एखादी जुनी मलमलीची साडी धुवून, खळ न लावता, तिचे तुकडे करा आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेक गोळा ठेवा. वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, न्हाणीघरावरच्या माळ्यावर ओल येते. कपाटाचा खालचा कप्पा बरा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं तर पावसाळ्यात टोपणं गंजतात. झाडाला लावताना काचेचं सगळं वरच्या फांद्यांवर, खोडाच्या जवळ. सुरूची फांदी आणणार असाल तर तिची टोकं लवतात, तिथं कागदाच्या चांदण्या शोभतात. भाड्याच्या घरात खाली फरशी आहे, तेव्हा झाडाखाली जाड सतरंजी घाला. आणि डब्यात फार जुनी, जड, मऊ अशी चंदेरी झालर असेल तर मुलांना देऊ नका. पूर्वी ती शिशाची करत, हाताळल्यावर हात धुवा.

डिसेंबरात टोरांटो आपल्या साडेदहा तास मागं असतं. येत्या रविवारी संध्याकाळी साडेसातला फोन लावलात तर तिथं सकाळचे नऊ असतील, दादा घरी असेल. यजमानांना शेजारी बसायला सांगा. आणि बोलताना ते टोपण हातात ठेवा, त्यानं विचारलं तर कडीचा तिरका डोळा कसा आहे ते त्याला सांगता येईल.